पट्टा मनगटाला, कुत्रे मोकळे

सांगलीत कृष्णाकाठी सकाळी फिरायला येणारे काही श्वानमालक पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळून कुत्रे मोकळे सोडतात आणि ते काठी टेकत चालणाऱ्या आजोबांच्या अंगावर धावले, की लांबूनच ‘काही करत नाही हो तो’ असे ओरडतात, याचा आता मनस्वी संताप येतो. कुत्र्यांना धावायला कुंपणाची, दुहेरी फाटकाची स्वतंत्र जागा हवीच. पण ती मिळेपर्यंत घाट म्हणजे त्यांचे मैदान नव्हे. विष्ठा तर कोणी उचलतच नाही. तिच्यातील जंतांची अंडी मातीत कित्येक महिने तग धरतात, आणि त्याच मातीत आमची मुले अनवाणी खेळतात. सोबत एक पिशवी आणणे इतके जड का जावे?