जुलाबात पाणी तोडायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. दोन वर्षांच्या भाच्याला दुपारपासून सात-आठ जुलाब झालेले, आणि तिने त्याचं पाणीच बंद केलेलं. घरच्या ग्रुपवर मेसेज आला होता: जुलाबात पाणी तोडा, आतड्यांना आराम द्या, ओआरएस म्हणजे नुसतं साखरपाणी, त्यापेक्षा शहाळं द्या, एरवी रोज चार लिटर पाणी प्या. हाच मेसेज मला तिसऱ्यांदा आलाय.

पाणी तोडा, हे सगळ्यात घातक. जुलाबातून पाणी आणि क्षार जातात, आणि लेकरू दगावतं ते अंगातलं पाणी आटल्याने. 'आराम' दिला म्हणून आतड्यातून जाणारं पाणी थांबत नाही, फक्त त्याची भरपाई थांबते.

ओआरएसमधली साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शिरतात, त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते. म्हणून लिटरभर पाण्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट, असं माप बांधलेलं आहे.

पुरावा हवा? 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. आधी 30 टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या रुग्णांत 3.6 टक्क्यांवर आलं. 1973 साली त्यांनी ते छापूनही ठेवलंय.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. दुकानातल्या, नावात 'ओआरएस' मिरवणाऱ्या गोड खोक्यांनी जुलाब खरंच वाढू शकतो, कारण जास्तीची साखर पाणी उलट आतड्यात ओढते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर तो शब्द वापरायला बंदी घातली. पण दोष त्या खोक्यांचा, आशाताई देतात त्या पाकिटाचा नाही.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम फार कमी. आवडीने द्या, ओआरएसच्या जागी नको. आणि चार लिटरचा आकडा सगळ्यांना लागू होत नाही. ऊन, काम आणि वय पाहून गरज बदलते.

बहिणीला सांगितलं ते असं: अख्खं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पाकीट नसेल तर सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दर जुलाबानंतर अर्धा ते एक कप, घोट-घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने. भात-वरण चालू. झिंक 14 दिवस. डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखाना.

पहाटे चारला तिचा पुन्हा फोन आला. त्याला लघवी झाली होती.