कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांना गर्भाशय नसतं का?

आज ऑफिसात महिला आरोग्य शिबिर होतं. गुलाबी फुगे, सेल्फी पॉइंट, पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी) फुकट. मी पण करून घेतली, नाही कशाला म्हणू. पण आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावश्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या तर एचआरची मुलगी म्हणते, "मॅडम, त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत, लिस्टमध्ये नाहीत." म्हणजे जिच्याकडे इन्शुरन्स आहे आणि जी कधीही स्वतःच्या पैशाने तपासून घेऊ शकते तिला फुकट, अन् जिला खरंच गरज आहे तिने फुगे फुटले की कचरा उचलायचा!

मला सारखी आत्या आठवतेय. बार्शीकडचं गाव. पाळी जाऊन कैक वर्षं झालेली आणि परत अंगावरून जायला लागलं, तर तिला वाटलं पाळीच परत आली. या वयात हे काय, म्हणून लाजेने कुणाला सांगितलं नाही, सुनेलाही नाही. कळलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला होता. मग शेक (रेडिएशन) घेणं, एसटीच्या फेऱ्या, जमीन गहाण. गेलीच शेवटी.

आणि चीड कशाची येते माहितीये? हा कॅन्सर व्हायच्या आधी कित्येक वर्षं त्याची सुरुवात सापडू शकते. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का बघायचं, बस. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला, तपासणाऱ्या कोण तर दहावी शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या बायका, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आत्याच्या शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात तर आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याची तपासणी) केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ते छापून आलं २००९ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनी सरकारच्याच सर्व्हेत काय दिसलं, तर तिशी ते पन्नाशीतल्या शंभरातल्या दोन बायकांचीही या कॅन्सरची कुठलीच तपासणी झालेली नाही. अख्ख्या देशात!

आता कुणीतरी म्हणेल बायकाच येत नाहीत. हो, लाजतात, माझी आत्या लाजलीच की. पण त्याच उस्मानाबादेत गावोगाव जाऊन बोलावलं तेव्हा ऐंशी टक्क्यांच्या आसपास बायका आल्या, त्या काय बिनलाजऱ्या होत्या का? कुणी दारात येऊन "ताई, चल" म्हटलं म्हणून आल्या.

आणि भीती मात्र गरिबापर्यंत बरोब्बर पोचते हं. बीडच्या ऊसतोड बायकांचं आठवा, २०१९ च्या सर्व्हेत ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. कितीजणींना सांगितलं होतं, काढ नाहीतर कॅन्सर होईल. तपासणी नाही, थेट ऑपरेशन, वर कर्ज मुकादमाकडून.

आशाताईंवर राग नाही माझा. पोलिओ, टीबी, गरोदर बायका, सर्व्हे, सगळं त्यांच्याच डोक्यावर, मानधन तेवढं वेळेवर मागायचं नाही. या कॅन्सरवर लस आलीये तेही मान्य, सीरमची स्वस्त निघाली, मुलींना द्याच. पण ती आत्ताच्या पोरींसाठी. चाळिशीतल्या बाईचं काय, आत्याच्या वयाच्या बाईचं काय?

बरं, भांडून झालं. ज्यांचं गावी येणंजाणं आहे त्यांनी एक करा. उपकेंद्रात किंवा पीएचसीत जाऊन विचारा, ही व्हिनेगरची तपासणी कुठल्या वारी होते, कोण करतं, आणि उत्तर इथे कमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट. कुणी "मशीन बंद आहे" म्हणालं तर विचारा कुठलं मशीन, कारण यात मशीन लागतच नाही.