सागवानी झडप आणि दिवाळीचे थर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराची खिडकी पावसाळ्यात अडकली, की सुतार पायरी चढायच्या आत निकाल देतो, "काढी नाखो, एल्युमिनियम नखावी दो." म्हणजे काढून टाका, ॲल्युमिनियमची बसवून घ्या. तिथेच माझं डोकं फिरतं. अहो, जुनं सागवान ते! त्याला काही झालेलं नसतं. दर दिवाळीला आधीचा न खरवडता वर चोपडलेला ऑइलपेंट चौकटीत मावेनासा होतो, त्यात दमट हवेनं लाकूड फुगतं, एवढंच. तरी रंधा काढू नका. जुलैत तासलेल्या झडपेच्या फटीतून मे महिन्यात समोरच्यांच्या फोडणीतली मोहरी मोजता येते. झडप उतरवून रंग खरवडायचं काम उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर, कोरड्या हवेतलं.

पहिला वैरी बिजागरीचा स्क्रू. त्याची खाच रंगानं बुजलेली असते. ती सुरीच्या टोकानं कोरायची, पेचकस बसवून डोक्यावर हातोडीचा एक ठोका, मगच पीळ. घाई केलीत तर खाच गुळगुळीत होते आणि ड्रिल शोधावं लागतं. झडप उतरवण्याआधी वरच्या कडेला पटाशीनं खूण करा: डावीला एक, उजवीला दोन. पेन्सिलीची खूण रंगासोबत जाते.

घरगुती रंगातल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखात 90 भाग) मर्यादा आली नोव्हेंबर 2017 पासून. खालच्या थरांना ती कोण सांगणार? म्हणून कोरडं घासायचं नाही. पाणी मारून 80 नंबरचा वॉटर पेपर, तोंडाला एन-95 मास्क, पोरं शाळेत. सैल भोकात फेव्हिकॉल लावलेली सागाची कपची ठोका, स्क्रू दुसऱ्या दिवशी.

आता लांबी, म्हणजे काच पक्की करायची पुट्टी. किलोभर खडूच्या पुडीला दोनशे मिलीच्या आसपास जवसाचं तेल, चकलीच्या पिठाइतकं घट्ट मळायचं. काचेच्या खाचेला आधी तेलाचा हात द्या. नाहीतर तहानलेलं लाकूड लांबीतलं तेल पितं आणि लांबी भुग्यासारखी गळते. काच खाचेपेक्षा तीन मिमी कमीच कापा. ठासून बसवलेली काच आषाढात, लाकूड फुगलं की, तडकते.

लांबीवर साय धरायला पंधरा दिवस लागतात. तोवर हात लावायचा नाही, असं घरात सर्वांना बजावून ठेवतात. पंधराव्या दिवशी ब्रश घेऊन बसावं, तर लांबीवर कडेनं अंगठेच अंगठे उमटलेले. त्यातले निम्मे आपलेच.