‘डिलिव्हर्ड’ दिसलं म्हणजे विषय संपला? एका फॉरवर्डची झाडाझडती

पैसे भरूनही वस्तू न मिळालेल्यांना ‘धीर’ देणारा एक मजकूर सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं हेच असतं :

“ऑनलाइन पैसे भरले आणि माल आलाच नाही? थेट पोलिसांत जाऊन ४२० लावा, दोन दिवसांत पैसे खात्यात. किंवा बँकेला ‘फ्रॉड झाला’ सांगा. तीन दिवसांत कळवलं की आरबीआयच्या नियमाने पूर्ण रक्कम परत. ग्राहक कोर्टाच्या नादी लागू नका. केस कंपनीच्या गावी चालते, वकील लागतो, पक्कं बिल नसेल तर दाखलच होत नाही. अ‍ॅपवर ‘डिलिव्हर्ड’ दिसलं तर विषय संपला. मोठ्या कंपन्या ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून सुटतात, कायदाच तसा आहे.”

माहिती चुकीची आहेच, पण या सल्ल्याने खरं नुकसान होतं ते वेळेचं. बँक, पोलीस, ग्राहक आयोग (लोकांच्या तोंडी ‘ग्राहक कोर्ट’), वाहतूकदार या प्रत्येकाकडे जाण्याची मुदत वेगळी आहे. एका दारी ताटकळत बसलं म्हणून दुसऱ्या दाराचं घड्याळ थांबत नाही.

“थेट ४२० लावा”

आधी एक बारीक गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलमंच ३५८ आहेत, म्हणजे ४२० नावाचं कलम उरलेलंच नाही. फसवणूक करून पैसे किंवा मालमत्ता काढून घेण्याचा गुन्हा आता कलम ३१८(४) खाली येतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत.

मोठी चूक पुढची. माल दिला नाही म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच देण्याचा इरादा नव्हता, हे दिसावं लागतं. स्टॉक संपला, कुरिअरने पार्सल हरवलं, विक्रेत्याचा धंदा बसला, हा करारभंग आहे. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असं ठाण्यात सांगतात तेव्हा ती दर वेळी टाळाटाळ नसते. बऱ्याचदा ते बरोबर असतं. इरादा दिसतो तो अशा खुणांवरून : पैसे जाताच नंबर ब्लॉक केला, पत्ता खोटा निघाला, वस्तूचे फोटो दुसऱ्याच दुकानाचे होते, त्याच खात्यावर अनेकांचे पैसे गेले, किंवा आधी पाचशे आणि मग ‘जीएसटीचे’, ‘कस्टमचे’ म्हणून आणखी मागत गेले.

यातलं काही असेल तर पोलीसच योग्य, पण ठाण्याआधी फोन. १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. हाताशी हवं ते : व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, आपली बँक, यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. घाई यासाठी की हे पैसे पुढच्या खात्यांत पटापट सरकतात. ज्या खात्यात ते अजून पडून आहेत तिथेच बँक ते रोखू शकते, एटीएममधून निघालेले नाही. आणि रोखलेले पैसे त्याच दिवशी आपल्या खात्यात उमटत नाहीत. ते सोडवून घेण्याची प्रक्रिया पुढे वेगळी असते. फॉरवर्डमधले ‘दोन दिवस’ कुठून आले, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतच नसतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

“बँकेला ‘फ्रॉड झाला’ सांगा”

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं ज्या परिपत्रकाचा हा हवाला, ते ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. तीन कामकाजी दिवसांची अट तिथली. आपण स्वतः ओटीपी टाकून पैसे भरले असतील तर तो व्यवहार अनधिकृत नव्हे. बँकेकडे ओटीपीची नोंद असते. ‘मी हा व्यवहार केलाच नाही’ असं लिहून दिलं की कार्ड ब्लॉक होतं, दावा फेटाळला जातो, आणि मग ‘व्यवहार केला होता, पण माल मिळाला नाही’ हे खरं म्हणणं मांडायला जावं तर आपलंच आधीचं लेखी विधान आडवं येतं.

कार्डाने पैसे भरले असतील तर मागायचं ते चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून रक्कम परत; कारण लिहायचं ‘वस्तू मिळाली नाही’. मुदत कार्डाच्या नेटवर्कनुसार बदलते. व्हिसाच्या नियमांत ती साधारण १२० दिवस आहे आणि वस्तू मिळण्याची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून मोजता येते. आपलं कार्ड दुसऱ्या नेटवर्कचं असेल तर बँकेला लेखी विचारावं. तोवर मुदत कमीच आहे असं धरून चालावं. अर्जाबरोबर ऑर्डरची पावती, कबूल केलेली तारीख, आणि आपण विक्रेत्याकडे आधी मागणी केली होती हे दाखवणारा ईमेल किंवा चॅट जोडायचा. हा शेवटचा कागद नसल्यामुळे बरेच अर्ज परत येतात. बँकेने तात्पुरती रक्कम जमा केली तर पेढे वाटायची घाई नको. विक्रेत्याने पोच दाखवली की ती परत वळती होते, म्हणून त्या पुराव्याला उत्तर द्यायची संधी सोडायची नाही. ईएमआयवर घेतलेल्या वस्तूचे हप्ते रागाने थांबवू नयेत. कर्जाचा करार वेगळा आहे, आणि खोट क्रेडिट अहवालात आपल्या नावावर लागते.

यूपीआयने एखाद्या व्यक्तीच्या नंबरवर पैसे पाठवले असतील तर कार्डासारखी ढाल जवळजवळ नाही. इन्स्टाग्रामवरची साडी स्वस्त पडते, त्यातला काही भाग या नसलेल्या ढालीचा असतो.

‘रिफंड केला आहे, बँकेला विचारा’ असं उत्तर आलं तर विक्रेत्याकडे कार्ड व्यवहारासाठी २३ आकडी एआरएन (परताव्याचा माग काढायचा क्रमांक) आणि यूपीआयसाठी परताव्याचा संदर्भ क्रमांक मागायचा. क्रमांक देत नसतील तर रिफंड झालेला नाही असं समजायला हरकत नाही.

“‘डिलिव्हर्ड’ दिसलं तर विषय संपला”

अ‍ॅपवरची हिरवी खूण ही विक्रेत्याच्या बाजूने केलेली नोंद आहे, पुरावा नव्हे. माल पोचवला असं जो म्हणतो त्यानेच ते दाखवायचं. ‘मला मिळाला नाही’ हे नकारार्थी विधान सिद्ध करण्याचं ओझं ग्राहकावर टाकता येत नाही.

यावर विक्रेत्यांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं : वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम ३९. माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो ग्राहकाला दिला असं सकृद्दर्शनी मानलं जातं. त्यातला ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घरपोच देण्याचं कबूल करून, कुरिअर स्वतः निवडून, त्याचे पैसेही स्वतःच आकारून नंतर ‘कुरिअरकडे दिलं, आमचं काम संपलं’ म्हणता येत नाही; करारच दारापर्यंतचा होता. मात्र ‘माझ्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टने पाठवा’ असं ग्राहकानेच सांगितलं असेल तर हे कलम विक्रेत्याच्या बाजूने भक्कमपणे उभं राहतं.

खोटी ‘डिलिव्हर्ड’ खूण दिसली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, लेखी हरकत घ्यायची. महिन्याने घेतलेल्या हरकतीत आधीच अर्धा दम गेलेला असतो. फोनवरचं बोलणं धरू नये; फोन केलाच तर लगेच ‘आज अमुक वाजता बोलणं झालं, तक्रार क्रमांक अमुक’ असा ईमेल टाकावा. त्यात एडब्ल्यूबी नंबर (पार्सलचा ट्रॅकिंग क्रमांक) लिहून नेमकं मागायचं : पोच-पावती, कोणी स्वीकारलं त्याचं नाव आणि सही, ओटीपी घेतला असल्यास तो कोणत्या नंबरवर गेला, वितरणाच्या वेळचा फोटो आणि ठिकाणाची नोंद, हबवर घेतलेलं पार्सलचं वजन. वजन विचारायला लोक विसरतात. बुकिंगच्या वेळी दीड किलो आणि शेवटच्या हबवर चारशे ग्रॅम असेल तर वस्तू कुठे गेली हा प्रश्न आपला राहत नाही. सोसायटीच्या गेटवरची नोंदवही आणि सीसीटीव्ही लगेच मागावं, कारण जुनं चित्रीकरण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. आणि पार्सल हातात नसताना ‘सिस्टीम अडकली आहे’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगितला असेल तर बाजू खरंच दुबळी होते.

मोठा माल रस्तावाहतुकीने येत असेल आणि दावा वाहतूकदारावर करायचा असेल, तर रस्तामार्गे वाहतूक अधिनियम (कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट), २००७ च्या कलम १६ प्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते. मोजणी बुकिंगपासून आहे, माल येणार होता त्या दिवसापासून नाही. इथे चांगले चांगले घसरतात.

“केस कंपनीच्या गावी, वकील, पक्कं बिल”

तिन्ही चूक. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. साताऱ्यात घर आणि पुण्यात नोकरी असेल तर दोन्ही दारं उघडी. अटी-शर्तींत ‘फक्त बंगळुरूची न्यायालयं’ असं छापलेलं असतं, ते कायद्याने दिलेला हक्क काढून घेत नाही. लवादाच्या कलमाचंही तेच. करारात लवाद असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत देता येते. ऑनलाइन दाखल करायला आधी ई-दाखिल होतं, आता ई-जागृती आहे. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० आणि पन्नास लाखांपर्यंत १,०००. हिशेब दिलेल्या किमतीवर आहे, मागितलेल्या भरपाईवर नाही. म्हणून चार हजारांच्या मिक्सरसाठी पाच लाखांचा मानसिक त्रास मागितला तर फी वाढत नाही, फक्त तक्रारीचं वजन कमी होतं.

बिल असावं हे खरं, पण त्यावाचून अडत नाही. ऑर्डरचा ईमेल, बँकेचा उतारा, यूपीआयचा क्रमांक आणि चॅट यांवरून किंमत दिली हे दिसतं. आयोगात काम मुख्यतः शपथपत्रं आणि कागदपत्रांवर चालतं.

तक्रारी फसतात त्या सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या, नावावर. फेसबुक पेजचं किंवा ब्रँडचं नाव लिहिलं जातं, नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत येते आणि तारखांमागून तारखा जातात. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून कायदेशीर नाव आणि राज्य काढता येतं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात : २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २९ कर्नाटक, ०७ दिल्ली. बाजारपेठेच्या अ‍ॅपवरून खरेदी केली असेल तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे आपण लेखी मागितल्यावर विक्रेत्याच्या मुख्यालयाचा आणि शाखांचा पत्ता देणं त्या अ‍ॅपवर बंधनकारक आहे.

क्रम असा बरा : कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल (४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे), जोडीला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग पंधरा दिवसांची लेखी नोटीस, मग आयोग. नोटीस सक्तीची नाही, पण कामाला येते. १९१५ हे न्यायालय नाही. तिथे बरीच प्रकरणं मिटतात, मात्र तिथल्या प्रतीक्षेने आयोगात तक्रार दाखल करायची दोन वर्षांची मुदत वाढत नाही. ‘बघतो, करतो’ अशा कंपनीच्या ईमेलांनीही ती वाढते असं धरू नये. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, कारण पटवावं लागतं.

‘वेळ लागतो’ एवढंच फॉरवर्डने म्हटलं असतं तर ते मान्य होतं. सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तसं होत नाही. पण सामनेवाल्याने लेखी म्हणणं ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत दिलंच पाहिजे. त्या ४५ दिवसांपुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा मार्च २०२० चा निकाल आहे. छेचाळिसाव्या दिवशी तोंडी का होईना, हा मुद्दा मांडायला विसरू नये.

“आम्ही फक्त मध्यस्थ”

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देतं, ते दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबाबत. पैसे स्वतः घेतले, पोचवायला स्वतःची यंत्रणा लावली, ‘खात्रीशीर’ असा बिल्ला चिकटवला, तर ही त्या कंपनीची स्वतःची सेवा आहे आणि तिच्यातली त्रुटी तिचीच. दर प्रकरणात अ‍ॅप जबाबदार धरलं जातं असं मात्र नाही. भूमिका खरोखर जाहिरातीच्या फळ्याएवढी असेल तर सुटतंही. म्हणून विक्रेता सामनेवाला क्रमांक एक, अ‍ॅप क्रमांक दोन, आणि प्रत्येकाने नेमकं काय केलं नाही ते वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहायचं. बँकेची स्वतःची चूक नसेल तर तिला गोवू नये, नुसती तारीख लांबते.

फॉरवर्डमध्ये एक माणूस मुळीच नाही : दुकानदार. विकण्यासाठी घेतलेला माल आला नाही तर कायद्याच्या लेखी तो ‘ग्राहक’ नाही आणि आयोगाचं दार त्याला नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन मात्र चालतं. घाऊक व्यापाऱ्याला दिवाणी दावाच करावा लागतो, मुदत तीन वर्षं. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी (संक्षिप्त सुनावणीचा) दावा तुलनेने जलद. साध्या दिवाणी दाव्यात वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे माल न दिल्याची नुकसानभरपाईही मागता येते, म्हणजे ठरलेला भाव आणि माल द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यांतला फरक. त्या दिवसाचं बाजार समितीचं भावपत्रक किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याचं दरपत्रक तेव्हाच काढून ठेवलेलं बरं. तीन वर्षांनी ते शोधत फिरावं लागतं.

आदेश हातात आला तरी पैसे आले असं नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपिलाला ४५ दिवस असतात, आणि रक्कम द्यायचा आदेश झालेल्याला निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील करता येत नाही. अपिलाची मुदत टळून गेली आणि स्थगितीही नसेल तर त्याच आयोगात दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची : कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली, किंवा कलम ७२ खाली शिक्षेसाठी, जिथे महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड आहे. दरखास्तीला आदेशाची प्रमाणित प्रत जोडावी लागते, म्हणून तिचा अर्ज निकालाच्या दिवशीच देऊन यावा.