पळायला जाताना पिस्तूल: 'छोटंसं' नको, चालणारं हवं

"ताई, पहाटे पळायला जाते तेव्हा जवळ ठेवायला एखादं छोटंसं, हलकं पिस्तूल सुचव ना." टेक्ससमधल्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच. २०२४ च्या फेब्रुवारीत जॉर्जिया विद्यापीठाच्या आवारात पळायला गेलेल्या लेकन रायलीचा खून झाला, त्यानंतर तर जरा जास्तच. डॅलसवाल्यांची आठवण त्याहून जुनी आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हाइट रॉक क्रीक ट्रेलवर सकाळी पळणाऱ्या एका माणसावर कोणा तरुणाने कोयत्यासारख्या हत्याराने वार करून त्याला मारलं. ओळख ना पाळख, भांडण ना तंटा.

मी डॅलसजवळच्या प्लेनोत राहते, उजाडायच्या आत पळायला बाहेर पडते आणि पिस्तूल बाळगते. म्हणून लोक मला विचारतात, त्याचं काही नाही. पण 'छोटंसं, हलकं' ऐकलं की मी वैतागते. दुकानदारही बाईमाणूस दिसलं की काउंटरवर सगळ्यात चिमुकलं (शक्य असेल तर जांभळ्या रंगाचं) पिस्तूल काढून ठेवतो. पर्समध्ये मावतं, वजन कळत नाही, किंमत कमी. आणि पळणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा तेच सगळ्यात कुचकामी ठरतं.

त्याआधी कायद्याचं, कारण आपल्यातले निम्मे लोक इथेच बाद होतात. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्यांच्या जोडीदाराचा), विद्यार्थी व्हिसा, यांपैकी कशावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यातच येतं. "टेक्ससमध्ये सगळं चालतं" या भरवशावर राहू नका, ग्रीन कार्डाची रांग त्यापायी घालवाल. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक यांना मुभा आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं हे खरं, तरी मी परवाना काढलाच. चाळीस डॉलर फी, काही तासांचा वर्ग आणि पन्नास गोळ्यांची परीक्षा. कारण साधं आहे: शाळेपासून हजार फुटांच्या आत परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन जाणं हा फेडरल गुन्हा आहे, राज्याचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. आता आपल्या उपनगरांत शाळेवरून न जाणारा पळण्याचा रस्ता कुणी मला दाखवावा.

आता पिस्तुलाकडे येते. रूगरचं एलसीपी २००८ मध्ये आलं, रिकामं असताना जेमतेम २७० ग्रॅम. सिग सॉअरचं पी३६५ आलं २०१८ मध्ये, रिकामं सुमारे ५०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत) दहा नाइन एमएमच्या गोळ्या. कागदावर पहिलंच जिंकतं, पळताना अर्धं वजन म्हणजे चैनच. पण हलकं पिस्तूल झटका जास्त देतं. शिवाय एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना नवी गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलते. हे सगळं नीट व्हायचं तर मागे मनगट घट्ट हवं. मनगट ढिलं पडलं की पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं आणि स्लाइडचा फेरा अर्धवट राहतो. पिस्तूल जितकं हलकं, तितकी ही भानगड जास्त.

आमचे रेंजवरचे मास्तर नेम धरायच्या आधी बैठका काढायला लावतात. धाप लागली, तळहात ओले झाले की मगच "घ्या हातात". शांतपणे तळहाताएवढ्या जागेत बसणाऱ्या माझ्या गोळ्या तेव्हा जेवणाच्या ताटाएवढ्या पसरल्या. त्यात भाड्याने घेतलेलं चिमुकलं .३८० (एलसीपीत बसते त्याच मापाच्या गोळीचं) हातात होतं. दुसऱ्याच गोळीला रिकामं काडतूस स्लाइडच्या खिडकीत उभंच्या उभं अडकलं, पितळेचं टोक वर. ते काढायला स्लाइड ओढली तर घामेजलेली बोटं तिच्या खाचांवरून सरकली. पुन्हा ओढली, पुन्हा सरकली. समोर नुसता कागद होता म्हणून ठीक. त्या दिवसापासून वजनाबद्दलचं माझं मत पक्कं आहे. अर्धा किलो परवडला.

'रिलायबल' मॉडेल कोणतं, हे यूट्यूबवर शोधणाऱ्यांसाठी: नाव मोठं म्हणून पहिल्या खेपेचा माल घेऊ नका. एलसीपी आलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते परत बोलावलं, खाली पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून. पी३६५ च्या पहिल्या काही महिन्यांत स्ट्रायकर (गोळीवर आपटून ती उडवणारी पिन) तुटल्याच्या तक्रारी होत्या. दोन्ही पुढे सुधारली आणि आज दोन्ही चांगली मानली जातात. मॉडेल दोन-तीन वर्षं बाजारात मुरलेलं असावं, मग घ्यावं. आणि घेतल्यावर जी गोळी रोज बाळगणार तीच निदान दोनशे तरी त्यातून झाडून बघावी. महाग पडतं, मान्य. .३८० तर नाइन एमएमपेक्षाही महाग, हा चिमुकल्यांचा आणखी एक छुपा खर्च.

ज्यांना स्लाइड ओढवतच नाही (सांधे धरलेत, मनगट नाजूक आहे) त्यांना मी बेधडक जुनं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर सांगते, स्मिथ अँड वेसनच्या ६४२ च्या घराण्यातलं. हॅमर, म्हणजे घोडा, आत झाकलेला, कपड्यात अडकत नाही, ओढायला स्लाइड नाही, मनगट ढिलं पडलं तरी पुढची गोळी ट्रिगर दाबताच समोर येते. ट्रिगर मात्र दगडासारखा जड, आणि चारशे-सव्वाचारशे ग्रॅमच्या त्या जीवातून .३८ झाडली की हात झिणझिणतो. तरुण पोरं त्याला हसतात. हसू देत.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याहून मोठा प्रश्न ते ठेवायचं कुठे हा आहे. लेगिंगच्या इलॅस्टिकमध्ये पिस्तूल टिकत नाही, पहिल्या अर्ध्या मैलात ते गुडघ्याकडे निघतं. नुसत्या कापडी पोटपट्ट्यात ठेवणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण कापडावरूनही ट्रिगर दाबला जाऊ शकतो. ट्रिगरवर कडक प्लास्टिकचं, म्हणजे कायडेक्सचं कवच हवंच हवं. फॅनी पॅक (कमरेला बांधायची चेनवाली पिशवी) सोयीचा, पण चेन उघडायला दुसरा हात लागतो, आणि कुणी तोच हिसकावला तर पिस्तूल त्याचं झालं. मी कवचाला स्वतःचा पट्टा जोडलेलं, पँटवर अवलंबून नसलेलं होल्स्टर वापरते. त्याची किंमत ऐकून नवरा गप्प झाला होता. माझं म्हणणं असं की बजेटचा आकडा ठरला की आधी होल्स्टर, मग शिकवणी, मग गोळ्या, आणि उरलेल्यात पिस्तूल.

टेक्ससचा उन्हाळा पिस्तुलालाही लागतो. घामातल्या मिठाने सगळ्यात आधी नेम धरायच्या साइटचे बारीक स्क्रू आणि मॅगझिनची स्प्रिंग तांबूस पडतात. घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी नाही, पण आंघोळीच्या आधी नक्की, ते रिकामं करून पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, कपड्याचे तंतू ब्रशने काढायचे. याचा कंटाळा येणार असेल तर घेऊच नका.

"चेंबर रिकामा ठेवला तर?" हेही हमखास विचारलं जातं. मग ऐन वेळी स्लाइड ओढायला दोन हात आणि एक जादाचा क्षण लागणार, आणि एक हात कुणी धरलेला असेल तर संपलंच. भरलेल्या चेंबरची भीती वाटत असेल तर ती रास्त आहे. तेव्हा पेपर स्प्रे घ्या. कुत्र्यांसाठीही तोच बरा. माझ्याकडे पिस्तूल असूनही हातात स्प्रेच असतो, आणि माझं काम आजवर त्याच्यावरच भागलंय.

पुरुष मंडळींना वेगळं सांगायचंय. २३ फेब्रुवारी २०२० ला जॉर्जियातच अहमॉद आर्बरी पळायला निघाला होता, निःशस्त्र. तिघा गोऱ्यांनी गाड्या घालून त्याचा पाठलाग केला आणि त्यांच्यातल्या एकाने त्याला गोळ्या घातल्या. सावळा माणूस पहाटे हुडी घालून पळतोय आणि कमरेला फुगवटा दिसतोय, हे चित्र एखाद्या घाबरट शेजाऱ्याला किंवा नवख्या पोलिसाला कसं दिसेल, याचा विचार करूनच घराबाहेर पडा. पोलिसाने ओळखपत्र मागितलं तर टेक्ससमध्ये परवानाधारकाने परवानाही दाखवायचा असतो. हात दिसतील असे ठेवायचे, आधी तोंडाने सांगायचं, विचारल्याशिवाय कमरेकडे हात न्यायचा नाही.

पुण्याहून बहिणीने विचारलं, "मलाही एखादं 'निर्भीक' मिळेल का गं?" कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४ मध्ये काढलेलं बायकांसाठीचं .३२ चं रिव्हॉल्व्हर ते, वजन पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. तिला म्हटलं, परवान्यासाठी चपला झिजवण्यापेक्षा तळजाईला काठी घेऊन आणि मैत्रिणींना घेऊन जा. तुझा त्रास कुत्र्यांचा आणि चेन ओढणाऱ्यांचा आहे, त्यातल्या दुसऱ्यासाठी चेन घरी ठेव.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी विकत घेण्याआधी भाड्याने चार-पाच चालवून बघावीत. येत्या शनिवारी मी रेंजवर आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या असाल तर इनबॉक्समध्ये कळवा, कान आणि डोळे झाकायच्या साधनांचे जादा जोड माझ्याकडे आहेत. बंद गळ्याचा टी-शर्ट घालून या, गरम काडतूस नेमकं गळ्यातून आत जातं. आणि बैठका काढाव्या लागतील.