सिंहाला गुण, थरांना बक्षीस

गोकुळाष्टमी जवळ आली की महाराष्ट्रातून येणाऱ्या बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी सरावाचे फोटो, मग बक्षिसांचे आकडे, दहीहंडीच्या रात्री जखमींचा आकडा, आणि पुढचे चार दिवस तोच वाद: हा सण की खेळ? 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनोऱ्याची उंची 20 फुटांवर आणली आणि 18 वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आलं, आणि 2017 मध्ये उंचीची मर्यादा उठली, वयाची अट 14 वर आली. 2022 मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत जाहीर केली. 2023 मध्ये वरळीच्या डोममध्ये प्रो गोविंदा ही दहीहंडीची लीगही सुरू झाली. खेळ ठरला, वाद मात्र जिथल्या तिथे.

इथे मलेशियात याच प्रश्नाचं एक उत्तर गेली तीसेक वर्षं लोखंडी खांबांवर उड्या मारतं आहे. चिनी लोकांचा लायन डान्स. मुंबईकरांना तो अगदीच अनोळखी नाही, माझगावच्या सी युप मंदिरात चिनी नववर्षाला सिंह नाचतो. पण तो जमिनीवरचा. खांबांवरचा सिंह हे प्रकरण वेगळं आहे, आणि दहीहंडीचा विचार करताना तेच जवळून बघण्यासारखं आहे.

सिंह म्हणजे दोन माणसं. पुढचा डोकं सांभाळतो, मागचा शेपटी. डोकं बनवायची जुनी पद्धत चार कामांची: बांबूच्या कामट्या बांधून सांगाडा करायचा, त्यावर कागद आणि जाळीचं कापड चिकटवायचं, रंगवायचं, मग लोकर, गोंडे, आरसे लावून सजवायचं. कपाळावरचा आरसा अशासाठी की भुताने स्वतःचं तोंड बघावं आणि घाबरून पळावं. नव्या डोक्याचे डोळे हिंगुळाने टिंबल्याशिवाय ते नाचवत नाहीत. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा करतात त्याचाच हा भाऊ. स्पर्धेच्या डोक्यात आता बांबूऐवजी ॲल्युमिनियम असतं आणि वजन दोन-तीन किलोंत बसवतात. आत आडवी काठी असते, पापण्यांच्या आणि कानांच्या दोऱ्या असतात, खालचा जबडा हाताने उघडमीट करायचा असतो. हे सगळं गुडघ्यांत वाकून, पावलं टाकत आणि उड्या मारत.

नवशिक्याची पहिली चूक इथेच दिसते. पायांकडे लक्ष गेलं की जबडा लोंबकळतो आणि पापण्या थांबतात. सिंह उडी उत्तम मारतो, पण मेलेला असतो. दुसरी चूक मागच्याची: पाठ वाकवून वाकवून कंबर भरून आली की तो हळूच सरळ उभा राहतो, आणि सिंहाला मधेच कुबड येतं. मागच्याला समोरचं जवळजवळ काहीच दिसत नाही. त्याचं जग म्हणजे पुढच्याचे पाय, त्याच्या कमरेचा पट्टा आणि ढोलाचा आवाज.

तो पट्टा हे खरं यंत्र. रुंद, जाड कापडाचा, कमरेच्या हाडावर घट्ट बसलेला. उचल घेताना मागचा दोन्ही हातांनी पट्टा धरतो आणि घोडेस्वारासारखा बसतो, म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून. उडी पुढच्यानेच मारायची असते. मागच्याचं काम ती वर नेण्याचं, तयार करण्याचं नव्हे. पुढच्याचे पाय सुटले त्या क्षणी मागच्याने पायांच्या जोराने उभं राहायचं. तो अर्धा क्षण उशिरा उठला तर त्याला फक्त हातांनी ओढावं लागतं, पुढचा तिरका जातो, उतरताना एक पाय आधी टेकतो आणि घोटा मुरगळतो. पुढचा हवेत पुढे झुकला तर दोघांचा भार मागच्याच्या चवड्यांपलीकडे जातो, मग दोघेही पडतात. पट्टा सैल असेल तर तो बरगड्यांवर सरकतो, उचल अर्धीच होते आणि पुढच्याला श्वास मिळत नाही. उचलीनंतर पुढचा मागच्याच्या मांड्यांवर उभा राहतो, किंवा कमरेभोवती पायांचा विळखा घालतो, किंवा थेट त्याच्या डोक्यावर बसतो. बघणाऱ्याला दिसतो तो फक्त मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह.

आता हेच खांबांवर. मँडरिनमध्ये खांबाला झुआंग म्हणतात, इथल्या पोरांच्या तोंडी तो जोंग. कमी-जास्त उंचीचे लोखंडी खांब रांगेत बोल्टांनी जोडलेले, प्रत्येकाच्या माथ्यावर जेमतेम दोन पावलं मावतील एवढी गोल चकती, मध्ये कुठे दोन तारा, कुठे पुलासारखी फळी. स्पर्धेतला सगळ्यात उंच खांब साधारण तीन मीटरांच्या आतबाहेर. खाली जाड गाद्या. हा प्रकार मलेशियाने वाढवला, 1994 पासून गेंटिंगच्या डोंगरावर याची जागतिक स्पर्धा भरते, आणि जोहोर राज्यातल्या मुआरसारख्या छोट्या शहरातला कुन सेंग केंग संघ ती पुन्हा पुन्हा जिंकून गेला आहे. तीन मीटर म्हणजे दहा फूट. आपल्या नऊ थरांपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल.

पण गोम तिथेच आहे. सिंहाला उंचीचं बक्षीस नाही. उंची सामानातच बांधून टाकलेली आहे, ती वाढवून कुणी जिंकत नाही. गुण दहापैकी असतात आणि ते विचारतात वेगळं: सिंह खांबावर असताना घाबरला का, त्याला पाणी दिसलं तर तो प्याला कसा, खाजवलं कसं, झोप आली तेव्हा पापण्या किती सावकाश मिटल्या. ढोल-झांज त्याच्या मनासारखी वाजली का. पाय घसरला तर कपात, खांबाला हात लागला तर कपात, खाली पडलात तर मोठी कपात, वेळ ओलांडली तरी कपात. वरच्या संघांमधला फरक दशांशांचा असतो, त्यामुळे एक घसरलेलं पाऊल पहिल्याला चौथा करून टाकतं. आणि सिंह जमिनीवर उतरून नमस्कार करेपर्यंत खेळ संपत नाही. उतरणंही गुणांत धरलेलं आहे.

दहीहंडीत आपण पैसे कशाला देतो? थरांना. आठ लावले तर अमुक, नऊ लावले तर तमुक. सलामी झाली, एक्क्याने, म्हणजे सगळ्यात वरच्या गोविंदाने, हात वर केला की मंचावरून आकडा पुकारला जातो. त्यानंतर मनोरा शिस्तीत उतरला की पत्त्यांच्या बंगल्यासारखा बसला, याचा बक्षिसाशी काडीचा संबंध नाही. मग पथकाने उतरण्याचा सराव का करावा? एक्का, त्याखालची दुर्री, तिच्याखालची तिर्री एकामागून एक, खालच्याच्या खांद्यावर भार न टाकता कसे उतरतात, हे ज्या पथकांना येतं त्यांना ते येतं, पण त्याचे गुण कुणी देत नाही. न्यायालयाने 20 फुटांची रेघ मारली तेव्हा चिडलेले लोक चूक नव्हते. रेघेने कौशल्य मोजता येत नाही. पण रेघ उठल्यावर आपण दुसरं काही मोजायला घेतलंच नाही. प्रो गोविंदाने घड्याळ आणलं, हे एक पाऊल खरं. मात्र घड्याळही घाईलाच बक्षीस देतं.

इथे परदेशस्थाचं आवडतं वाक्य येतं: «आमच्याकडे बघा, सगळं कसं नियमाने.» ते वाक्य मलेशियापुरतं तरी गिळलेलं बरं. इथे नियमपुस्तक सद्गुणातून आलेलं नाही. सत्तरच्या दशकात लायन डान्स संशयाच्या छायेत होता, रस्त्यावर नाचायला पोलिसांची परवानगी लागे. त्याच दशकाच्या अखेरीस गृहमंत्री गझाली शफी यांनी सुचवलं होतं की सिंहाऐवजी वाघ नाचवला तर तो राष्ट्रीय संस्कृतीत बसेल. कारण सिंह इथल्या जंगलातला नाही. (चीनच्या जंगलातलाही नाही, पण वाद अशा तपशिलांवर चालत नसतात.) चिनी समाजाने वाघ नाकारला. पुढे सिंहाला जागा मिळाली ती काही प्रमाणात खेळ म्हणून. पंच, गुण, गाद्या आणि करंडक असलेल्या गोष्टीला परवानगी नाकारणं अवघड जातं. 2007 मध्ये खांबांवरच्या सिंहाची राष्ट्रीय वारशात नोंद झाली. हाँगकाँगमध्ये तर सार्वजनिक जागी सिंह किंवा ड्रॅगन नाचवायला पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो, असं कायद्यात लिहिलेलं आहे. सिंह नाचवणाऱ्या कुंग फू आखाड्यांच्या मारामाऱ्या आणि टोळ्यांचा शिरकाव यांचा तो वारसा. शिस्त इथेही भांडणातूनच आली.

आणि तिची किंमतही मोजावी लागली. दक्षिण चीनमधल्या सिंहाच्या दोन मोठ्या घराण्यांपैकी फोशानचा सिंह मोठ्या डोक्याचा, टोकदार शिंगाचा, लांब शेपटीचा. त्याची पावलं कुंग फूची, दमदार. हेशानचा सिंह बदकाच्या चोचीसारख्या सपाट तोंडाचा, आखूड शेपटीचा, मांजरासारखा चपळ. खांबांवर लांब शेपटी पायात अडकते आणि जड डोकं तोल नेतं. त्यामुळे स्पर्धेत बहुतेक हेशानचाच सिंह उरला. फोशानचा सिंह जुने आखाडे जपतात, पण सोळा वर्षांच्या पोराला करंडक हवा असेल तर तो कुठलं घराणं शिकेल हे सांगायला नको. ज्याला गुण मिळतात तेच वाढतं, ते चांगलं असो वा वाईट.

जे टिकलं ते असं टिकलं की रस्त्यावरचा सिंह स्पर्धेत ओढला नाही. नववर्षाचे पंधरा दिवस हेच संघ खांब घरी ठेवून दुकानोदुकानी फिरतात आणि चॉय चेंग करतात, म्हणजे हिरवा पाला खुडणं. दारात लेट्यूसचा गड्डा टांगलेला किंवा ताटात मांडलेला, सोबत लाल पाकीट. लेट्यूसला कँटोनीजमध्ये सांग चॉय म्हणतात, आणि ते कानाला धन उगवण्यासारखं लागतं. सिंह थेट जाऊन खात नाही. तो लांबून बघतो, जवळ जातो, दचकून मागे येतो. पुन्हा जातो, पंजाने चाचपतो, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा धीर करून तोंड घालतो. ढोलाची घाई वाढते, जबडा मिटून डोकं थरथरतं. आत पुढचा माणूस एका हाताने डोकं तोलत पाकीट शर्टात कोंबतो आणि पानं फाडतो. मग एकदम शांतता, आणि पानं उजवीकडे, डावीकडे, मध्ये भिरकावली जातात. बिघडतं कुठे? पाकीट आधी न काढता पानं फाडली तर पैसे पानांसकट मालकाच्या तोंडावर. पानं पायाशीच पडली तर दुकानदाराचं तोंड उतरतं, कारण संपत्ती उंबऱ्यावरच सांडली. तोंडातून उलगडायची शुभेच्छांची गुंडाळी उलटी बांधली असेल तर अक्षरं डोक्यावर उभी राहतात. आणि संत्री असली तर सोललेल्या फोडी मांडून आकडा लिहायचा असतो, जो यजमान त्याच दुपारी लॉटरीवर लावतो. या सगळ्याला कुणी गुण देत नाही. देऊही नयेत.

ड्रॅगनबद्दल इथे फारसं बोलायचं कारण नाही. तो लांब असतो, उंच नसतो; नऊ भागांच्या ड्रॅगनला नऊ काठ्या आणि पुढे मोती धरणारा दहावा माणूस. त्याची अडचण एकच: प्रत्येकाने पुढच्याच्या नेमक्या वाटेने जायचं. पाचव्याने वळणाचा कोपरा कापला की सहाव्यापासून अंग पिळवटतं, आणि शेपटीवाला मात्र चाबकाच्या टोकासारखा धापा टाकत पळत असतो.

तर दहीहंडीकडे परत. «सण आहे, सर्कस नाही,» असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच दोन्ही वेगळं करावं असं वाटतं. वाडीतली, चाळीतली, चार-पाच थरांची हंडी तिच्या पाण्याच्या बादल्यांसह आहे तशी राहू द्या. पण जिथे लाखांचं बक्षीस आहे, तिथे बक्षीस थरांच्या संख्येवर नको. थरांची संख्या आयोजकाने आधीच ठरवून टाकावी, सगळ्यांना सारखी. गुण कशाला? पाया बसायला किती वेळ लागला, चढताना खालच्याच्या मानेवर पाय पडला का, मनोरा किती डगमगला, वरच्याचा हार्नेस शेवटपर्यंत लावलेला होता का. निम्मे गुण उतरण्याला. कोसळला तर सलामीचं बक्षीसही कापायचं. पहिल्या वर्षी आरडाओरडा होईल. दुसऱ्या वर्षापासून पथकं उतरण्याचा सराव करू लागतील, कारण पैसा तिथे असेल.

गाद्यांचा प्रश्न उरतो. तीन मीटरांच्या सिंहाखाली गादी असते आणि तीस-चाळीस फुटांच्या मनोऱ्याखाली डांबरी रस्ता. आपल्याकडे गादी माणसांची असते: पायाभोवती खांद्याला खांदा लावून उभे असलेले, हात वर केलेले गोविंदा, ज्यांच्या अंगावर वरचे पडतात. ती गादी खरंच काम करते, पण तिलाही शिकवावं लागतं. नजर मोबाइलमध्ये नको, वर हवी. पडणाऱ्याला एकाने झेलायचं नसतं, चौघांनी मिळून भार घ्यायचा असतो. इथल्या सरावात नवा सिंह आधी जमिनीवर रेघ ओढून तिच्यावर उड्या मारतो, मग फूटभर बाकावर, मग कमरेइतक्या खांबावर, आणि प्रत्येक टप्प्याला बाजूला उभे असलेल्यांनी काय करायचं ते ठरलेलं असतं. दहीहंडीच्या पंचांच्या कागदावर एक ओळ या माणसांच्या गादीसाठीही हवी: खालचे किती जण वर बघत होते.