स्पेलिंग सुधारणं म्हणजे टाइमपास? कुठलं स्पेलिंग ते तरी बघा

कुडाळ-सावंतवाडीकडच्या कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. व्हिडिओ प्लेयर, स्ट्रीमिंग वगैरेच्या ओपन सोर्स कोडमधली चुकलेली स्पेलिंगं सुधारून पाठवणं म्हणजे फुकटची हमाली, कॉम्प्युटरला स्पेलिंग कळत नाही, फाइंड-रिप्लेस मारलं की पाच मिनटात काम होतं, आणि करणारे सगळे रेझ्युमे भरायला करतात. शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्यावर नंतर येतो.

"कॉम्प्युटरला स्पेलिंग कळत नाही." कमेंटपुरतं, म्हणजे कोडात माणसांसाठी लिहिलेल्या टिपांपुरतं, कबूल; कोडाचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कम्पायलर कमेंटकडे ढुंकून बघत नाही. पण कोडात अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुराचं काय? आपल्याकडे दशावताराचं लाइव्ह लावतात नि मुंबईचे चाकरमानी रात्रभर मोबाइलवर बघतात, तशा लाइव्हला एचएलएस ही पद्धत खूप चालते: व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे आणि त्यांची यादी असलेली एक साधी टेक्स्ट फाइल, म्हणजे प्लेलिस्ट. नाटक संपलं की सर्व्हर त्या प्लेलिस्टमध्ये एंडलिस्ट नावाचा टॅग, म्हणजे संपल्याची खूण, टाकतो. आता तो टॅग लिहिणाऱ्या कोडात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर? कम्पायलर गप्प, कारण त्याच्या लेखी तो नुसता मजकूर. आणि प्लेयरपण गप्प, कारण एचएलएसच्या २०१७ च्या आरएफसी ८२१६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटवरच्या पद्धती लिहून ठेवलेले दस्तऐवज) स्पष्ट नियम आहे की ओळखीचा नसलेला टॅग प्लेयरने सोडून द्यायचा. एरर नाही, काही नाही, राक्षस मरून पडदा पडला तरी प्लेयर आपला प्लेलिस्ट पुन्हा पुन्हा मागवत बसतो, त्याला वाटतं लाइव्ह अजून चालूच आहे. अशी चूक शोधताना भल्याभल्यांचा घाम निघतो, कारण डोळा बरोबर स्पेलिंगच वाचतो.

"फाइंड-रिप्लेस मारलं की झालं." ह्याच्याइतका घातक सल्ला नाही. कोडस्पेल नावाचं टूल आहे, त्याच्याकडे नेहमीच्या चुकांची आणि त्यांच्या दुरुस्त्यांची यादी असते, चांगलं आहे, वापरा. पण कोडातली व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ठेवायच्या जागांची, तोकडी नावंही त्याला कधीकधी चुका वाटतात, आणि ती डोळे मिटून बदलली की बिल्ड, म्हणजे कोडापासून सॉफ्टवेअर तयार करणं, झोपलं. त्याहून वाईट म्हणजे बाहेरच्यांनी वापरलेली नावं. एफएफएमपेगच्या लायब्ररीवर, म्हणजे व्हिडिओ-ऑडिओ हाताळणाऱ्या तयार कोडावर, व्हीएलसी प्लेयरसकट कितीतरी सॉफ्टवेअर उभी आहेत, तिथल्या सार्वजनिक फंक्शनचं नाव एका दिवसात बदललं तर त्या सगळ्यांचं मोडेल. म्हणून अशा ठिकाणी नवं नाव आणून जुनंही काही काळ चालू ठेवतात, त्यावर डेप्रिकेटेडचा, म्हणजे 'हे आता वापरू नका' असा, शिक्का मारतात, आणि मोठं व्हर्जन बदलताना काढतात. कधीकधी तेही जमत नाही. ब्राउझर आणि वेबसाइट ज्या एचटीटीपीने बोलतात, त्यातला आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारा रेफरर हेडर एक आर कमी घेऊन १९९६ च्या आरएफसीत छापला गेला तो आजतागायत तसाच आहे.

आणि मेनूतली वाक्यं! व्हीएलसी मराठीत चालतो ना, त्यात भाषांतरासाठी गेटटेक्स्ट नावाचं टूल वापरतात, तिथे मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली. इंग्रजीतली एक चूक सुधारली की वाक्य बदललं, मराठी भाषांतरावर फझी, म्हणजे पुन्हा तपासायला हवं, असा शिक्का बसतो, आणि कोणी तपासेपर्यंत मराठी मेनूत तेवढी ओळ इंग्रजी दिसते. म्हणजे सुधारणाऱ्याने भाषांतराच्या फायलींतली किल्लीपण बदलायला हवी. ह्याला पाच मिनटांचं काम म्हणतात काय रे?

आता रेझ्युमे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टच्या, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या महिनाभराच्या उपक्रमाच्या, फुकट टीशर्टसाठी लोकांनी निरर्थक बदलांचा असा चिखल केला, की आयोजकांना महिना संपायच्या आधीच नियम बदलावा लागला: प्रोजेक्टने स्वतःहून भाग घेतला असेल तरच पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या म्हणून पाठवलेली विनंती, मोजायची. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, अजून वैतागलेले असतात आणि त्यांचं चूक नाही, प्रत्येक फुसका बदल कोणीतरी वाचावाच लागतो. पण त्यावरून सगळेच तसले ही कुठली रीत?

पहिला पॅच, म्हणजे कोडातला बदल, पाठवणार असाल तर नुसत्या कमेंटमधल्या चुका घ्या. नावं आणि मेनूतली वाक्यं त्यात कालवू नका, बिल्ड करून बघा, आणि कमिट मेसेजात, म्हणजे बदलासोबतच्या टिपणीत, सरळ लिहा की फक्त कमेंट बदलल्यात. वाचणाऱ्याला दोन मिनटं लागतात मग.